मुंबईत पाहुणे म्हणून येताय? मग एवढं कराच

मुंबईत लोकलनं फिरणार असाल तर आधी एक खुळी आशा गावीच ठेवून या. आपल्याला कुणीतरी काहीतरी सांगेल, ही. इथं मूल जन्मतं तेच स्लो, फास्ट आणि 'ठाण्यापर्यंत फास्ट, पुढे स्लो' हे पाठ करून, अशी सगळ्यांची समजूत आहे. तुम्ही सांगलीत जन्मलात हा तुमचा दोष.

मुंबई सेंट्रल मध्य रेल्वेवर शोधू नका. ते पश्चिम रेल्वेवर आहे. का, ते विचारायचं नाही.

इंडिकेटरवर कसाऱ्याच्या गाडीला 'एन' आणि कर्जतच्या गाडीला 'एस' दिसेल. त्यात कसारा कुठं आणि कर्जत कुठं, हे शोधत बसलात तर गाडी गेली.

दादरच्या फलाटांचे नंबर काकांना विचारून येऊ नका. काकांचे नंबर २०२३च्या डिसेंबरात बदलले. मध्य रेल्वेचे फलाट आता ८ पासून सुरू होतात, आणि काका अजून एक नंबरवर उभे राहायला सांगतात.

फर्स्ट क्लासचा डबा ओळखायचा कसा? चढा. टीसी सांगेल.

बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका. चढलातच तर त्या गर्दीतून उतरायचा हट्ट धरू नका. वसईचा किल्ला बघून या, चांगला आहे.

तिकिटांची काळजी मुळीच नको. लोकल, बेस्ट, मेट्रो, सगळ्यांसाठी २०२५च्या ऑक्टोबरात 'मुंबई वन' नावाचं एकच ॲप आलंय. आमच्या मावशीकडे बटणांचा फोन आहे, पण ते तिचं तिनं बघावं.

आणि या तर रविवारीच या. साखरपुडे, बारशी रविवारी, म्हणून मेगाब्लॉकही रविवारीच. म्हणजे देखभालीसाठी काही रूळ बंद आणि गाड्या भलत्याच रुळांवर. परवा मावशीला घेऊन असाच एका बारशाला निघालो होतो. मोठं स्थानक. इंडिकेटरवर आमची गाडी, वेळ, फलाट, सगळं ठळक. मावशीला बाकड्यावर बसवलं. तिचे गुडघे गेलेत, मांडीवर अनारशांचा डबा. गाडीला दोन मिनिटं उरली आणि वर कर्ण्यात काहीतरी खरखरलं. 'कृपया ध्यान दें' एवढं कळलं, पुढचं पलीकडून धडधडत गेलेल्या मेलनं खाल्लं. फलाट बदललाय हे कळलं ते लोक पळायला लागले तेव्हा. सगळा फलाट जिन्याकडे! सरकत्या जिन्याला दोरी बांधलेली. मावशी एका हातानं निऱ्या धरतेय, दुसऱ्या हातानं कठडा, डबा माझ्याकडे, मागून बॅगा पाठीत बसतायत. पुलाच्या मध्यावर पोचलो आणि खालून गाडी सुटली. मावशी तिथेच कठड्याला टेकून उभी राहिली, तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात पुढच्या गाडीची घोषणा झाली. मूळच्याच फलाटावर.

व्यायाम होतो म्हणे. कसला डोंबलाचा व्यायाम? सत्तरीच्या बाईला?

रेल्वेवाल्यांनो, ब्लॉक घ्या ना, घेऊ नका कोण म्हणतंय. रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल, देखभाल झालीच पाहिजे. पण गाडी कुठल्या रुळावर घ्यायची हे ठरवणारा माणूस तुमच्याच खात्यात बसलाय ना? मग त्यानं ठरवलेलं फलाटावरच्या माणसाला गाडी दिसायला लागल्यावर का कळतं? आणि कळवता ते असं, की शब्द ऐकू येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगरून २० हून जास्त माणसं मेली. पाऊस होता, गर्दी होती, जिना अरुंद होता. पुलावर एकदम माणसं कोंबली की काय होतं, हे अजून कुणी शिकवायचं तुम्हाला? उशिरा कळलं असेल तर गाडी आणखी मिनिटभर थांबवा. तीही थांबवत नाही तुम्ही.

आणि तुम्ही, रोज प्रवास करणारे! तुम्हाला तर सगळं माहीत असतं. फलाट बदलणार याचा वास तुम्हाला आधी येतो आणि तुम्ही गुपचूप जिन्याकडे सरकता. शेजारी बाकड्यावर म्हातारी बसलीय, तिला 'आजी, पलीकडे येतेय हो' एवढं सांगायला किती वेळ लागतो? वर जिन्यात ती दम खायला थांबली तर 'चलो, चलो, नवीन आहे का?' हो, नवीन आहे! ओरडता काय तिच्यावर? बाजूनं जा, नाहीतर डबा धरा तिचा.