बर्फ सुटला म्हणून लगेच फेकायचं?

उन्हाळ्यात वीज जायला लागली की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: फ्रीझरमधली वस्तू एकदा वितळली की पुन्हा गोठवू नका, तिचं विष होतं. दुसऱ्यांदा गोठवताना जंतू दुप्पट होतात, जीवनसत्त्वं उरत नाहीत. वीज चार तास गेली तर फ्रीझर रिकामा करा. आणि शेवटी, टाकवत नसेल तर खळखळून उकळा, मग काही होत नाही. यातल्या पहिल्या सूचनांपायी चांगलं अन्न कचऱ्यात जातं. शेवटची मात्र थेट दवाखान्यात पोचवू शकते.

आधी त्या विषाचं बघू. उणे १८ अंशांना जंतू वाढत नाहीत, दुप्पट होणं तर दूरच. बहुतेक मरतही नाहीत, नुसते थांबतात. वाढ होते ती बर्फ सुटलेला असताना, आणि झपाट्याने होते ती ४ ते ६० अंशांच्या दरम्यान. पुन्हा गोठवलं की ती जिथल्या तिथे थांबते आणि पुढच्या वेळी बर्फ सुटला की तिथूनच पुढे चालू होते. म्हणून किती वेळा गोठवलं यापेक्षा मधल्या काळात ती वस्तू किती गरम, किती वेळ होती हे विचारायला हवं.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम याच हिशोबावर उभा आहे. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ४ अंशांच्या आत बर्फ सुटलेलं मांस न शिजवताही परत गोठवता येतं. खिमा, चिकन, मासळी एक-दोन दिवसांत. मटणाचे तुकडे तीन ते पाच दिवसांत. गार पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये बर्फ सोडवला असेल तर आधी शिजवायचं, मग गोठवायचं. बाहेर २ तासांपेक्षा जास्त राहिलेलं गोठवायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडच्या स्वयंपाकघरात हा १ तासच धरावा.

ब्रिटनमधला सरकारी सल्ला जास्त कडक आहे: कच्चं मांस किंवा मासळी परत गोठवू नका, शिजवून मग गोठवा. फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवत नसाल तर हाच पाळलेला बरा.

घरोघरी चूक होते ती ओट्यावर. अर्धा किलोचा खिम्याचा गोळा सकाळी बाहेर काढला की तासा-दोन तासांत वरचा थर खोलीइतका गरम होतो, आत मात्र दगडच. ‘मध्ये अजून बर्फ आहे’ म्हणून तो परत फ्रीझरमध्ये सरकवला जातो. वीज गेल्यावर बंद फ्रीझरमध्ये बर्फाचे कण दिसले तर ते अन्न परत गोठवायला हरकत नसते, कारण तिथे भोवतीची हवाही गार असते. ओट्यावर तसं काही नसतं.

जीवनसत्त्वांबद्दलचं म्हणणं अर्धंमुर्धं खरं आहे. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो. उणे १ ते उणे ५ अंशांच्या टप्प्यात वस्तू जितकी रेंगाळेल तितके बर्फाचे कण मोठे होतात आणि पेशी फाडतात. मग बर्फ सुटताना पाणी गळतं आणि पाण्यात विरघळणारी ब आणि क जीवनसत्त्वं थोडी त्यासोबत जातात. प्रथिनं जवळजवळ तशीच राहतात. खरा तोटा पोताचा असतो: कोळंबी चिवट होते, पनीर भुसभुशीत होतं (भुर्जीला चालतं), चिकन कोरडं पडतं. उपाय सोपा आहे. २५०-२५० ग्रॅमच्या चपट्या पिशव्या करा, दोनेक सेंटिमीटर जाडीच्या, हवा काढून, एकावर एक न रचता. लवकर गोठतात आणि लागेल तेवढीच बाहेर निघते, म्हणजे परत गोठवायची वेळच येत नाही. बाकी वितळवून परत गोठवणं कारखान्यांतही सर्रास चालतं. समुद्रातून गोठवून आणलेला अलास्का पोलॉक मासा चीनमध्ये वितळवून, काप काढून पुन्हा गोठवला जातो आणि दोनदा गोठवलेला म्हणूनच विकला जातो.

चार तासांचा आकडा खालच्या कप्प्याचा आहे, तो फ्रीझरला चिकटवला गेलाय. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला डीप फ्रीझर साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. एका दाराच्या फ्रीजमधल्या छोट्या बर्फाच्या कप्प्याला मात्र हे तास लावू नका. मुख्य दार उघडलं की तोही तापतो. याच फ्रीजचं डीफ्रॉस्ट बटण रात्री दाबून झोपलं तर सकाळी मटारची पिशवी पाण्यात तरंगत असते. बटण दाबण्याआधी सामान बाहेर काढून आइसपॅकसकट थर्माकोलच्या डब्यात ठेवा. आपल्यामागे वीज जाऊन फ्रीझर वितळला का हे कळावं म्हणून वाटीत बर्फ करून वर नाणं ठेवायची युक्तीही अर्धवटच. नाणं खाली गेलेलं दिसलं तर वितळलं होतं एवढं कळतं, किती वेळ ते कळत नाही.

दुकानातल्या मटारची पिशवी हलवून बघा. दाणे सुटे वाजायला हवेत. सगळा एकच गठ्ठा झाला असेल तर बहुधा वाटेत कुठेतरी बर्फ सुटून पुन्हा धरलाय.

आता ते उकळणं. उकळल्याने जंतू मरतात, पण काहींनी आधीच तयार करून ठेवलेलं विष मरत नाही. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे गरम हवेत राहिले की त्यांच्यात हिस्टामीन साठतं. ते गोठवून जात नाही, तळून जात नाही, रश्श्यात उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, आणि लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. तासन् तास बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाचे जंतू ओकाऱ्या आणणारं विष करतात, तेही फोडणीला दाद देत नाही. वास बघून यातलं काही ओळखता येईलच असं नाही. असं अन्न शिजवायचंही नाही, गोठवायचंही नाही.

दोन ठिकाणी मात्र फॉरवर्डचं ऐकावं. पूर्ण वितळलेलं आइस्क्रीम परत गोठवू नये: त्यातली हवा निघून जाते, ते रवाळ होतं, आणि न शिजवता खाल्लं जात असल्याने मध्ये वाढलेले जंतू तसेच पोटात जातात. आणि साठवलेलं आईचं दूध पूर्ण वितळल्यावर फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत वापरावं, उरलं तर टाकावं.