ग्रीकांनी चर्चपाठोपाठ शाळा काढली

शिकागो आणि आसपासच्या मराठी पालकांनी इथल्या ग्रीकांचा इतिहास जरूर वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे आलेले ग्रीक बहुतेक दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या खेड्यांतले. हातगाडीवर फळं विकायची, बूटपॉलिश करायचं, रेल्वेच्या रुळांवर राबायचं. बरेचसे एकटे पुरुष, चार पैसे साठवून गावी परतायच्या बेतात असलेले. तरी १८९७ मध्ये त्यांनी होली ट्रिनिटी चर्च उभं केलं आणि १९०८ मध्ये त्याच चर्चच्या आधाराने सॉक्रेटिस शाळा काढली. त्या काळात अमेरिकेत ठिकठिकाणी ग्रीक हेच करत होते. आधी मंडळ, मग वर्गणी, मग पाद्री आणि पाठोपाठ शिक्षक.

दिवस सोपे नव्हते. १९०९ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या साउथ ओमाहात जमावाने ग्रीकांची वस्ती लुटली, जाळली, माणसांना हाकलून लावलं. १९२४ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने तर वर्षाला जेमतेम शंभर ग्रीकांना प्रवेश ठेवला. गावाकडची ताजी भाषा घेऊन येणारे मामा-मावश्या यायचेच जवळपास थांबले. अशा वेळी दिवसभर इंग्रजी शाळेत बसून आलेली मुलं संध्याकाळी पुन्हा ग्रीक शाळेत जात. कंटाळतही असतील, पण आईबाप पाठवत राहिले.

एवढं करूनही नातवंडांच्या पिढीत ग्रीक मागे पडली, हे खरंच आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख आर्चबिशप याकोवोस यांनी उपासनेत इंग्रजीला वाट करून दिली, तेव्हा केवढं वादळ उठलं! मला दोन्ही बाजू कळतात. प्रार्थना समजली नाही तर मुलं येणार नाहीत, आणि भाषा गेली तर आजीशी बोलणार कोण? पण म्हणून शाळा व्यर्थ होती, हे मला मुळीच पटत नाही. ज्यांना शिकायचं होतं त्यांच्यासाठी दार उघडं होतं.

आपल्या मंडळांच्या मराठी शाळाही जीव तोडून चालवल्या जातात, बहुतेक स्वयंसेवकांच्या बळावर. गणपती-दिवाळीला आपण सढळ हाताने देतो. शिकवणाऱ्या ताईला मात्र शनिवार-रविवार फुकट द्यावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्या फळविक्यांनी शिक्षकाच्या पगारासाठी पैसे काढले, आणि आपली मिळकत त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तुमच्या मंडळाच्या पुढच्या सभेत शाळेसाठी वेगळ्या निधीचा ठराव मांडा. मी आमच्याकडे मांडणार आहे.