‘पोरांकडे बघा’च्या पुढे काय बोलायचं : एका प्रतिक्रियेला उत्तर

मॅडम, नमस्कार.

सोलापुरात मी मनोरुग्ण परिचर्येत (मानसिक आजारांच्या नर्सिंगमध्ये) एम.एस्सी. करणाऱ्या मुलींना शिकवते. त्यांना समोरासमोर बसून, बोलण्यातून करायचा उपचार, म्हणजे सायकोथेरपी, रीतसर शिकवावा आणि तो सर्व वयांसाठी शिकवावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : “मानसशास्त्रातल्या एम.फिल.ची दोन वर्षं मी सुपरव्हायझरसमोर बसून काढली. तेच काम तुम्ही नर्सिंगच्या मुलींना एका सत्रात शिकवणार, तेही लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत? ज्यांना वॉर्डात बीपी बघायला वेळ मिळत नाही त्या सायकोथेरपी करणार? याला सेवा म्हणत नाहीत, पेशंटवर प्रयोग म्हणतात. माझं माहेर सोलापूर आहे, म्हणून जास्त वाईट वाटलं.”

उत्तराला आठवडा लागला. तुमचं निम्मं म्हणणं मला पटलंय, आणि ते निम्मं कोणतं हे नीट सांगायचं होतं.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष, मेडिसिन वॉर्ड, नाइट ड्यूटी. कीटकनाशक प्यायलेला एक शेतकरी दोन दिवसांनी शुद्धीवर आला होता. अॅट्रोपिन या विषावरच्या औषधामुळे तोंड कोरडं पडलेलं. मी ओल्या कापसानं ओठ पुसत होते, तेव्हा तो म्हणाला, “मला वाचवायला नको होतं ओ सिस्टर.” मी लगेच म्हणाले, “असं बोलू नये. पोरांकडे बघा.” त्यानं ‘हं’ केलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. डिस्चार्ज होईपर्यंत तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

मला तेव्हा वाटलं, मी धीर दिला. पुष्कळ वर्षांनी शिकले की अशा अवस्थेतला माणूस पोरांकडेच बघत असतो. आपण गेलो तर त्यांच्यावरचं ओझं उतरेल, असा हिशेब त्यानं मांडलेला असतो. त्याला पोरांची आठवण करून देणं म्हणजे त्याच्या अंगावर आणखी एक आरोप टाकणं. “मरावंसं आत्ताही वाटतंय का?” असं मी सरळ विचारायला हवं होतं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेक माणसांना उलट सुटल्यासारखं वाटतं. पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सलाईनचे थेंब मोजायला शिकवलं होतं.

ही गोष्ट तुमच्या मुद्द्यालाच बळ देते, हे मला कळतं. अर्धवट शिकलेलं माणूस बोललं की नुकसान होतं. पण मॅडम, रात्री तीन वाजता तो माझ्याशीच बोलला. तो बोलावा अशी व्यवस्था कुणी केली नव्हती. मी जवळ होते, एवढंच. असं बोलणं आपल्या प्रत्येक वॉर्डात रोज चाललेलं आहे आणि समोरच्या सिस्टरला त्याचं शिक्षण नाही. तुम्ही ज्याला प्रयोग म्हणता तो केव्हाच सुरू झालेला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नं आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं आणि त्याला उपचार आणि पुनर्वसन देणं सरकारचं कर्तव्य ठरवलं. ते कर्तव्य त्या खाटेपाशी पार पाडणार कोण?

आता ‘एका सत्रात’. हा दोष माझ्या लेखाचा आहे, मी खुलासा केला नव्हता. एम.एस्सी. दोन वर्षांची असते आणि अभ्यासक्रमात सायकोथेरपीचा भाग असतो. परीक्षेत ‘प्रकार लिहा’ असा प्रश्न येतो, मुली प्रकार लिहितात, मार्क मिळतात, आणि एकाही माणसासमोर सलग आठ आठवडे न बसता त्या पास होतात. माझं भांडण याच्याशी आहे.

तुमच्या अभ्यासक्रमाइतकी सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसानं शिकाऊ थेरपिस्टचं काम तिच्यासमोर बसून तपासणं, आमच्याकडे नाही, हे मान्य. पण परंपराच नाही असं म्हणू नका. हिल्डगार्ड पेपलाऊ स्वतः परिचारिका होत्या. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, असं त्यांनी १९५२ च्या आपल्या पुस्तकात मांडलं, आणि १९५४ मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात मनोरुग्ण परिचर्येतल्या तज्ज्ञ परिचारिकांसाठी पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. विद्यार्थिनीनं रुग्णाशी झालेलं संभाषण शब्दशः लिहून आणायचं आणि शिक्षिकेनं ओळ न् ओळ तपासायची, ही त्यांची शिकवायची रीत. आमच्या मुली ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ म्हणून वही भरतात ना, तिचं मूळ हेच.

त्या वहीचं काय झालंय तेही सांगते. बऱ्याच वह्या सीनियरच्या वहीवरून उतरवलेल्या असतात. एका वहीत हमाली करणारा पेशंट म्हणत होता, “मला अत्यंत निराश वाटत आहे आणि माझी झोप विस्कळीत झाली आहे.” मी त्या मुलीला म्हटलं, हा माणूस खरं काय म्हणाला ते आठव. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मॅडम, ते म्हणाले, जीवच लागंना कशात. मग मी विचारलं, जेवण झालं का.” ते खरं वाक्य मिळालं आणि आमचं शिकवणं तिथून सुरू झालं. जीव लागेना म्हटल्यावर तू जेवणाकडे का वळलीस? तुला काय झालं त्या क्षणी? तिला तिच्या वडिलांची आठवण झाली होती. सुपरव्हिजन म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या दुपारी ती मुलगी पहिल्यांदा पेशंटशेजारी बसायला तयार झाली असं मला वाटलं.

तेव्हापासून आमच्याकडे वहीबरोबर रेकॉर्डिंगही असतं, पेशंटची लेखी संमती घेऊन. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलीकडे दोन पेशंट, आठवड्याला एक सेशन, आणि प्रत्येक सेशनमागे माझ्यासोबत किंवा आमच्या सायकियाट्रिस्टसोबत एक तास. हे पुरेसं आहे का? नाही. अमेरिकेत मानसिक आरोग्यातल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या (तपासून औषधंही लिहिणाऱ्या, जास्त शिकलेल्या परिचारिकेच्या) प्रमाणपत्रासाठी देखरेखीखालचे शेकडो तास आणि सायकोथेरपीच्या निदान दोन पद्धतींचं प्रत्यक्ष शिक्षण लागतं. तिथेही औषधं लिहिण्याच्या शिक्षणापुढे बोलण्याचा भाग आक्रसत चाललाय अशी तक्रार त्यांच्यातल्याच लोकांची आहे. मला आपल्या मुलींसाठी तास हवेत ते या भागाचे.

नर्सला हे जमतं का, हा तुमचा न लिहिलेला प्रश्न. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आयझॅक मार्क्स यांनी १९७० च्या दशकात परिचारिकांना वर्तनोपचार शिकवले. भयगंड आणि मंत्रचळ (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा होणं) असलेल्या रुग्णांमध्ये त्यांचे निकाल डॉक्टर-मानसशास्त्रज्ञांच्या तोडीचे आले. आपल्या जवळचं उदाहरण रावळपिंडीच्या खेड्यांतलं : तिथल्या आरोग्य सेविकांना गरोदर आणि बाळंत बायकांच्या नैराश्यासाठी सीबीटीवर (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचारावर) आधारलेली पद्धत शिकवली. २००८ साली निकाल छापून आले. सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी २३ टक्के बायका नैराश्यात होत्या, बाकीच्या गटात ५३ टक्के. त्या सेविका तर पदवीधर परिचारिकाही नव्हत्या. तुम्ही म्हणाल, हे सगळे आखीव, छोटे उपचार आहेत. बरोबर, आणि माझ्या मुली तिथूनच सुरुवात करतात.

‘लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत’ यावर तुमचा सगळ्यात जास्त राग दिसला. एक घर सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. विडी कामगारांच्या वसाहतीतलं घर. नऊ वर्षांचा मुलगा शाळेला निघताना उलट्या करतो. आई दिवसभर विड्या वळते, हजारावर मजुरी. आजोबा बंद पडलेल्या गिरणीतले, बोलणं जवळजवळ सोडलेलं. तुम्ही म्हणता तसं केलं तर मुलाला बालमानसतज्ज्ञ, आईला एक, आजोबांना एक. सोलापुरातून पुणं अडीचशे किलोमीटर. आईचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी गेली.

आमची विद्यार्थिनी मुलासमोर बोलायला बसली नाही, चित्रांचे खडू आणि मातीचा गोळा घेऊन बसली. कारण नऊ वर्षांचं पोर ‘तुला कशाची भीती वाटते’ या प्रश्नाला ‘कशाची नाही’ एवढंच सांगतं. आईबरोबर तिनं दिवसाचा तक्ता केला. नैराश्यात आधी बरं वाटण्याची वाट न बघता एक छोटं काम ठरवून करायचं, ही त्यातली कल्पना. पण विड्यांच्या हिशेबात ‘स्वतःसाठी अर्धा तास’ लिहिणं सोपं नसतं. मग शेजारणींबरोबर बसून पानं कापायची एवढंच ठरलं, कारण ती कितीतरी दिवस दार लावून एकटीच वळत होती. आजोबांना गिरणीतल्या पहिल्या पगारापासून सांगायला लावलं. म्हाताऱ्या माणसाचं मागे वळून बघणं ही आयुष्याची जुळवाजुळव असते, हे रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं. भोंगा, पाळी, खातं, जॉबर, असे शब्द आले की आजोबांचा आवाज बदलायचा.

आणि या सगळ्याच्या आधी तिनं आईचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतलं, आजोबांच्या गोळ्यांची पिशवी उलटी करून पाहिली. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर आधी लघवीतला संसर्ग आणि रक्तातलं सोडियम बघायचं, हे आमच्या मुलींच्या हातात बसलेलं असतं. शरीर आणि मन एकाच घरात राहतात हे परिचारिकेला वेगळं शिकवावं लागत नाही.

सगळ्या वयांचं शिक्षण याचा अर्थ माझ्या लेखी असा, की वय बदललं की बसण्याची जागा, भाषा, साधन आणि गुपिताचे नियम बदलतात हे ठाऊक असणं. पंधरा वर्षांच्या मुलीला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं की तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार करत असेल तर पॉक्सो कायद्यानं मला ते कळवावंच लागेल. हे आधी न सांगणारी थेरपिस्ट मुलीचा विश्वास एका दिवसात घालवते.

आता भाषा. तुमचं माहेर इथलं, म्हणून तुम्हाला समजेल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी बायका घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नड. बाजारातला व्यवहार मराठीत होतो, रडणं होत नाही. सुनेबद्दल बोलायचं आणि दुभाषी म्हणून सूनच शेजारी, असं मी ओपीडीत पाहिलंय. आमच्या वर्गात पद्मशाली घरातल्या मुली आहेत. त्यातली एक त्या विडी वळणाऱ्या आईशी पहिलं वाक्य तेलुगूत बोलली, तेव्हा त्या बाईनं हातातलं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं. एवढ्या आठवड्यांत तिनं पहिल्यांदाच काम थांबवलं होतं.

वेळेचा मुद्दा शंभर टक्के खरा. एका रात्री पन्नास पेशंट मीही सांभाळलेत. वॉर्डातल्या सिस्टरच्या डोक्यावर हे काम आणखी टाकू नका, असंच मी म्हणते. यासाठी वेगळं पद हवं. भारतीय परिचर्या परिषदेनं अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा निवासी नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम काढलाच आहे. मानसिक आरोग्यासाठी तसं काही व्हावं. तोवर माझ्या मुली स्वतःला सायकोथेरपिस्ट म्हणवत नाहीत. तीव्र सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), लहानपणच्या अत्याचाराच्या जखमा, स्वतःला सतत इजा करून घेणारी माणसं, इथे त्या थांबतात आणि पुढे पाठवतात. कुठे थांबायचं हे ओळखता आलं नाही तर मी पेशंट काढून घेते. या वर्षी एकीकडून काढून घेतला. ती रडली, मलाही वाईट वाटलं, पण काढून घेतला.

मॅडम, यात सगळ्यात लंगडी बाजू माझी स्वतःची आहे. मी नर्सिंगमधून आलेय. मुलींच्या टेपा ऐकताना काही ठिकाणी मला जाणवतं की काहीतरी निसटलं, पण काय निसटलं ते सांगता येत नाही. तिथे तुमच्यासारखं दोन वर्षं सुपरव्हायझरसमोर बसलेलं माणूस हवं. माहेरी याल तेव्हा एक दुपार द्याल का? आमची सुपरव्हिजन शुक्रवारी दोनला असते. नावं-गावं काढलेली एक टेप लावू, तुम्ही जिथे थांबवाल तिथे थांबू. त्या आईच्या सहाव्या सेशनची टेप आधी लावावी असं मनात आहे. तिसाव्या मिनिटाला ती एकदम गप्प होते, आणि आमची मुलगीही गप्प राहते. ते बरोबर होतं की चुकलं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.