पोलाइट व्हा, पण रेषेच्या दिशेने

ठाणेकरहो, पोलाइट व्हायचंच असेल तर व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासची फी वाचवा आणि सुतार गाठा. हा शब्द लॅटिन ‘पोलिरे’पासून आलाय, म्हणजे घासून गुळगुळीत करणे. पॉलिश त्याचा सख्खा भाऊ. पोलीस आणि पॉलिटिक्स मात्र ग्रीक ‘पोलिस’चे, म्हणजे नगरराज्याचे वंशज. नातं नाहीच, तेव्हा त्यांच्याकडे पोलाइटपणा मागून त्यांना अवघडवू नका.

आधी घासणं. 1709 साली शाफ्ट्सबरीच्या अर्लने, म्हणजे एका इंग्रज तत्त्वज्ञाने, लिहून ठेवलं, की माणसं स्नेहाच्या टकरींनी एकमेकांचे कोपरे झिजवतात. साहेबाने लोकल पाहिली नव्हती. ठाण्याला गाडी आली 1853 साली. आपल्याला ही सोय पासाच्या पैशात रोज सकाळी फास्टच्या दारात मिळते. टकरी भरपूर आहेत, स्नेह तेवढा आपापल्या डब्यातून आणावा.

क्रम चुकवू नका: 80 नंबरचा जाडाभरडा पॉलिश पेपर, मग 120, शेवटी सगळ्यात बारीक 220, तोही लाकडाच्या रेषेने. आडवं घासलं की ओरखडे उठतात आणि पॉलिशखाली ते लपायचे सोडून उठून दिसतात. चौथ्या सीटसाठी ‘जरा सरकता का?’ हा 220 झाला. खरखरीत फळीवर पहिलाच हात त्याचा मारलात तर कागद भरून येतो, फळी ढिम्म.

मग चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. लिटरभर स्पिरिटला साधारण 150 ग्रॅम, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून. पातळ हात द्यावेत, मध्ये सुकू द्यावं. ‘सॉरी, प्लीज, थँक्यू सर’ एकाच हातात थापलं की माणूस चिकट राहतो आणि धूळ धरतो. पावसाळ्यात तर जपाच. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी थरात अडकतं आणि वर पांढुरकी झाक येते. म्हणून जून ते सप्टेंबर नम्रता स्थगित ठेवलेली बरी. गरम कपानेही पांढरं वर्तुळ उमटतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चहा पार्किंगचा विषय संपल्यावरच फिरवावा.

पार्किंगसाठी शब्दही वेगळा आहे: कर्टसी. ती आली कोर्टातून, म्हणजे राजदरबारातून, आणि कोर्ट आलं लॅटिन ‘कोहोर्स’वरून, म्हणजे कुंपण घातलेलं आवार. थोडक्यात, कर्टसी मुळात कंपाउंडमध्येच असायला हवी. घोडबंदर रोडवरच्या तुमच्या टॉवरखाली सापडत नसेल तर व्हिजिटर पार्किंगमध्ये बघा. तिच्यावर गाडी लावून, हँडब्रेक ओढून कुणीतरी गावाला गेलं असेल.