के२००० ‘गेमिंग कार्डाच्या दुप्पट’? कुठून?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या डिझाइनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जुन्या वर्कस्टेशनच्या, म्हणजे डिझाइनच्या कामाच्या कॉम्प्युटरच्या, फोटोखाली हा मजकूर हमखास असतो: ‘क्वाड्रो के२००० प्रोफेशनल कार्ड. गेमिंग कार्डाच्या दुप्पट पॉवर, ईसीसी मेमरी, फोरके, एआय शिकायलाही चालेल.’

क्वाड्रो के२००० हे एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड. मजकुरातलं फोरके, म्हणजे ३८४० × २१६०चं चित्र, तेवढं खरं. तेही मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्ट या जोडणीतून, डीव्हीआय या जुन्या जोडणीची केबल लावलीत तर २५६० × १६००च्या पुढे जाणार नाही.

आता दुप्पट पॉवर. के२००० आलं २०१३मध्ये. आत चिप जीके१०७, हिशोब करणारे कुडा कोअर ३८४. हीच चिप, इतकेच कोअर घेऊन एनव्हिडियाचं जीटीएक्स ६५० हे साधं गेमिंग कार्ड २०१२मध्येच बाजारात होतं. त्याचा क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, १०५८ मेगाहर्ट्झ, के२०००चा ९५४. मेमरीची बँडविड्थ, म्हणजे माहिती ने-आण करण्याचा वेग, तिकडे सेकंदाला ८० जीबी, इकडे ६४. म्हणजे दुप्पट सोडाच, क्वाड्रोच थोडं मागे! मग नवं असताना ते इतकं महाग का होतं? ड्रायव्हरमुळे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. सॉलिडवर्क्ससारख्या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मान्यता विशिष्ट कार्ड आणि विशिष्ट ड्रायव्हर अशा जोडीला मिळते. सॉलिडवर्क्सचं रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय) सुरू होणं, मोठी असेंब्ली फिरवताना कडा न फुटणं, याचे पैसे कंपन्या मोजत होत्या. के२००० ज्या केप्लर पिढीतलं, तिचे ड्रायव्हर ४७० मालिकेवर थांबले, २०२४मध्ये त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्याही संपल्या. ज्याचे पैसे होते तेच आता मिळत नाही, आणि विकणारा मात्र ‘प्रोफेशनल’ या शब्दाचे वेगळे पैसे लावतो.

ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका स्वतः दुरुस्त करणारी मेमरी, के२०००मध्ये नाहीच. त्या मालिकेत ती के५०००सारख्या वरच्या कार्डांत होती.

एआयचं तर विचारूच नका. मेमरी २ जीबी, आणि कुडा या एनव्हिडियाच्या, चिपवर हिशोब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची या चिपला चालणारी शेवटची आवृत्ती १०.२, म्हणजे २०१९ची. पायटॉर्च या एआयच्या सॉफ्टवेअरची आजची आवृत्ती टाकलीत तर ते हे कार्ड वापरणारच नाही, सगळं काम सीपीयूवर. पॉलिटेक्निकच्या पोरांनी यासाठी एक रुपयाही टाकू नये.

गंमत म्हणजे या कार्डाचा खरा गुण मजकुरात नाहीच. ते जास्तीत जास्त ५१ वॉट खातं, वेगळी पॉवर केबल मागत नाही, एकाच स्लॉटमध्ये बसतं. ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरच्या डब्यात, आहे त्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या पेटीवर) चालतं. ऑटोकॅड २०२२ची किमान अट मेमरी १ जीबी आणि बँडविड्थ सेकंदाला २९ जीबी अशी आहे, ती सहज भागते. टूडी ड्रॉइंगसाठी, भंगाराच्या आसपासच्या भावात मिळालं तर जरूर घ्या.