काटोलच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर: फुटलेलं एव्हीएम आणि न फुटलेलं

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोन दिवस मनात घोळत होती. माझ्या भावाच्या मेंदूतल्या रक्तस्रावावर लिहिलेल्या 'ऊन लागलं नव्हतं' या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की तुमच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत एव्हीएम, म्हणजे चुकीच्या जोडणीच्या रक्तवाहिन्यांचा गुंता, दिसलं, रक्तस्राव झालेला नाही, आणि नागपुरातले एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात तर दुसरे थांबा म्हणतात. मग तुमचा राग माझ्यावर. माझा भाऊ ऑपरेशनने वाचला हेही मीच सांगते, आणि न फुटलेल्या एव्हीएमला घाईने हात लावू नये हेही मीच लिहिते. 'लोकांना घाबरवून सोडता. मे महिन्यात अख्ख्या नागपूरचं डोकं दुखतं, सगळ्यांनी सीटी काढायचा का?'

आधी माझी चूक. लेखात मी 'डोक्यातला टाइमबॉम्ब' असे शब्द वापरले होते. तुमची मुलगी ते वाचून रात्रभर जागी राहिली, हे वाचून मला फार वाईट वाटलं. ते शब्द काढून टाकले आहेत. ते खरेही नव्हते. बॉम्बची वेळ ठरलेली असते. एव्हीएम असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर काही न होता जगतात.

तुमची संत्र्याची बाग आहे ना, म्हणून त्याच भाषेत सांगते. मोटारीचं पाणी थेट ठिबकच्या बारीक नळीत कोणी सोडत नाही. मध्ये मेन, सबमेन, व्हॉल्व असतात, जोर कमी होत होत पाणी झाडापर्यंत जातं. मेंदूतही धमनीतल्या रक्ताचा जोर केसाहून बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यात उतरतो, मग ते रक्त शिरेत जातं. एव्हीएममध्ये हे मधलं जाळंच नसतं. धमनी सरळ शिरेला जोडलेली, आणि त्या ठिकाणी वाहिन्यांचा गुंता. पातळ भिंतीच्या शिरेवर धमनीचा जोर येतो, ती फुगते, कधीतरी फाटते. म्हणून बीपी नाही, व्यसन नाही, तरी चोवीस वर्षांच्या माझ्या भावाच्या डोक्यात रक्त झालं. मुलीच्या खाण्यापिण्यात, अभ्यासाच्या ताणात किंवा मोबाइलमध्ये याचं कारण शोधू नका. ही जोडणी चुकते ती बहुतेक वेळा जन्माआधीच.

आता मेच्या डोकेदुखीबद्दल. सगळ्यांनी सीटी काढायची गरज नाही, यात तुमचं बरोबर आहे. पण माझ्या भावाचं दुखणं कसं होतं ते पुन्हा सांगते. दुपारी तो बुटीबोरीहून शिफ्ट करून आला, कूलरसमोर बसला, पन्ह्याचा ग्लास हातात घेतला आणि मान मागे टाकून म्हणाला, 'ताई, डोक्यात काहीतरी फुटलं.' दुखणं वाढत वाढत गेलं नाही, एका क्षणात शिगेला पोचलं. मग उलटी. अंग थंड होतं, थर्मामीटरवर ताप नव्हता. तरी आम्ही सगळे म्हणालो, ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळला. जवळच्या दवाखान्यात सलाइन लागली. संध्याकाळी तो झोपाळला आणि उजवा हात उशीवरून खाली पडला तो उचललाच नाही. सहा तास गेले होते. असं क्षणात आलेलं दुखणं, सोबत उलटी, गुंगी, फिट, अडखळती बोली किंवा एका बाजूची ताकद जाणं, यात १०८ लावायचा आणि सीटीची सोय असलेल्या दवाखान्यातच जायचं. उष्माघातातही गुंगी येते, पण तीही घरी बसून बघण्याची गोष्ट नाही. अटॅक असेल म्हणून ॲस्पिरिनची गोळी मात्र सीटीआधी कोणी देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घात करते.

ते सहा तास मला आजही का टोचतात, तर कवटी ही बंद पेटी आहे. आत साधारण ऐंशी टक्के मेंदू, उरलेल्यात रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. रक्त सांडलं की आधी हे पाणी बाजूला सरून जागा करून देतं, म्हणून माणूस काही तास बोलतो, बरा वाटतो. जागा संपली की मग थोड्याशा रक्तानेही दाब झपाट्याने चढतो. मोठ्या माणसात हा दाब एरवी ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. तो चढला की मेंदूला रक्तच पोचेनासं होतं. भावाच्या डोक्यातून बारीक नळी बाहेर काढून पाणी पिशवीत सोडलं होतं. ती पिशवी स्टँडवर कानाच्या भोकाच्या रेषेत मोजून टांगलेली. पलंग वरखाली करायचा तर सिस्टर आधी नळीची चावी बंद करायच्या, मग पलंगाला हात लावायच्या. एकदा मी उशी सरकवायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. दाब उतरावा म्हणून ऑपरेशनमध्ये कवटीचा काढलेला तुकडा त्याच्या पोटाच्या कातडीखाली ठेवला होता. आई रोज त्या उंचवट्यावर हात ठेवून बसायची. काही आठवड्यांनी मेंदूची अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचे एक्स-रे, झाली, मग एव्हीएम काढलं, मग हाड परत बसवलं.

म्हणजे त्याच्यासाठी ऑपरेशन हा निवडीचा प्रश्नच नव्हता. तुमच्या मुलीचा आहे, आणि तुमच्या दोन डॉक्टरांचं म्हणूनच जुळत नसावं. यात पैशाचा वास येणं मी समजू शकते, पण जगभरातले न्यूरोसर्जनही यावर भांडतात. न फुटलेल्या एव्हीएमवर अरुबा नावाची चाचणी झाली, निकाल २०१४ मध्ये छापून आले. २२३ रुग्ण. सरासरी ३३ महिन्यांत नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी १०.१ टक्क्यांना पक्षाघात किंवा मृत्यू आला, हस्तक्षेप (ऑपरेशन, किरण किंवा वाहिनीतून गोंद) केलेल्यांपैकी ३०.७ टक्क्यांना. थांबा म्हणणारे डॉक्टर याच आकड्यावर उभे असणार. दुसरी बाजू म्हणते, त्यात ऑपरेशनने एव्हीएम काढलेले रुग्ण फार थोडे होते, आणि तीन वर्षं म्हणजे एकोणीस वर्षांच्या पोरीसाठी काय?

हा हिशेब तुम्ही स्वतः करून बघा. न फुटलेल्या एव्हीएमला वर्षाला साधारण २ टक्के धोका धरला, तर पुढच्या १५ वर्षांत शंभरातल्या सव्वीस जणांना रक्तस्राव होईल. साठीच्या माणसाला हे कदाचित चालेल. पण ४५ वर्षं धरली तर तोच आकडा साठपर्यंत जातो. म्हणून वय मोजावं लागतं. आणि गुंता कुठे आहे तेही. १९८६ पासून वापरात असलेली स्पेट्झलर-मार्टिन श्रेणी विचारा. आकार तीन सेंटिमीटरच्या आत, तीन ते सहा की सहाच्या वर, बोलण्या-हालचालीच्या भागात आहे का, रक्त खोलवरच्या शिरेत उतरतं का, यावरून १ ते ५ ठरते. १-२ असेल तर ऑपरेशनकडे कल असतो, ४-५ असेल तर बहुधा थांबतात. लहान पण खोल असेल तर गामा नाइफ, म्हणजे कवटी न उघडता किरणांचा नेमका मारा, सुचवतील. त्यात गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर धोका तसाच राहतो, हे आधी माहीत असू द्या.

तुमच्या प्रतिक्रियेत अँजिओग्राफीचा उल्लेख नाही. ती झाली नसेल तर निर्णय अजून कोणीच घेऊ नये असं मला वाटतं. एमआरआयची सीडी घेऊन ऑपरेशन, गामा नाइफ आणि वाहिनीतून गोंद भरणं, तिन्ही होतं अशा ठिकाणी दाखवा. तोवर फिटची गोळी एकही दिवस चुकवू नका. स्कूटी आणि विहिरीवरचं पोहणं बंद.

भाऊ आता कामावर जातो. उजव्या हाताने बटणं लावताना अजून वेळ लागतो. तुमची प्रतिक्रिया त्याला वाचून दाखवली, तर म्हणाला, तिला बोलायचं असेल तर मी बोलेन, ताई. ब्लॉगवरच्या संपर्काच्या चौकटीत दोन ओळी लिहा. त्याचा रविवार मोकळा असतो.

तुमची,
ताई