रॉडचा काळ संपला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

घरच्या वेल्डिंगसाठी मी दिलेल्या सल्ल्यावर तुमचे आक्षेप दोन. गॅस न लागणारे मिग मशीन (टॉर्चमधून तार आपोआप पुढे सरकवणारे) मिळत असताना नवशिक्याला रॉडचे आर्क मशीन (होल्डरमध्ये धरलेली काडी वितळवणारे) सुचवणे जुनाट आहे. आणि डब्यावर २०० अँपिअर छापलेले असताना 'घरी ९०च्या वर जाऊ नका' हे चूक आहे.

दुसरा आधी घेतो. २०० हा मशीनमधून बाहेर पडणारा करंट, आणि तोही खरा असला तर! ९० अँपिअरवर आर्कचे, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या ठिणगीचे, व्होल्टेज २३-२४, म्हणजे दोन किलोवॅटच्या थोडे वर. मशीनमधला तोटा आणि स्वस्त इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनचा कमी पॉवर फॅक्टर (त्यामुळे तेवढ्याच कामाला जास्त करंट लागतो) धरला की भिंतीतून १५-१६ अँपिअर ओढले जातात. घरातले पॉवर सॉकेट १६चेच असते. १५०वर नेलेत तर ओढ २८च्या आसपास जाते. एमसीबी पडला तर नशीब; नाही पडला तर सॉकेट वितळते.

पहिला आक्षेप अर्धा मान्य. १ मिमीच्या पत्र्याला रॉडने भोक पडते, तिथे मिगच हवे. पण घरी होणारे काम बहुतेक रॅक, स्टूल, गेट. १.६ मिमीच्या चौकोनी पाइपला २ मिमीचा ६०१३ प्रकारचा रॉड ४५-५० अँपिअरवर, ३ मिमीच्या अँगलला २.५ मिमीचा ७०-८०वर पुरतो. थोडा गंज, अंगणातला वारा हेही तो खपवून घेतो.

गॅसविना मिगची तुम्ही न लिहिलेली बाजू अशी. त्याला आत फ्लक्स (वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारी पूड) भरलेली तारच लागते. साधी भरीव तार गॅसशिवाय चालवली की टाका स्पंजासारखा सच्छिद्र होतो. फ्लक्सच्या तारेला साधारणपणे टॉर्च ऋण आणि अर्थ क्लॅम्प (जोडायच्या लोखंडाला लावायचा चिमटा) धन लागतो. भरीव तारेला गॅससोबत नेमके उलटे. बरीच मशीन गॅसच्याच जोडणीत येतात, ती न बदलता चालवली की ठिणग्या उडतात, टाका आत न मुरता वर बसतो, आणि शिव्या तारेला पडतात. तार ढकलणारा रोलरही खाचांचा हवा. गुळगुळीत रोलर घसरतो, म्हणून माणूस तो आवळतो. मग पोकळ तार चपटी होऊन लायनरमध्ये, म्हणजे टॉर्चपर्यंतच्या नळीत, अडकते.

पत्र्याचे काम जास्त असेल तर मिग जरूर घ्या, रॉडचा होल्डरही जोडता येतो असेच. फक्त पैसे देण्याआधी झाकण उघडून टॉर्चची जोडणी उलटी करता येते का ते पाहा. काही स्वस्त मशीनमध्ये ती कायमची पक्की असते.